लोगोवर पैसे घालण्याआधी अक्षराकडे बघा!



पॅकेजिंगच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: "सर, लोगोला किती बजेट ठेवू?" माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला लोगोवर कमी खर्च करा आणि फॉन्ट समजून घ्यायला दोन संध्याकाळी द्या. "ते डीटीपीवाला बघेल" म्हणून सोडून देऊ नका. चुकीचं लेबल छापून आलं तर रद्दीत जाणारे पैसे तुमचेच असतात, त्याचे नाही.

काही जण म्हणतील, "माल चांगला असेल तर गिऱ्हाईक येतंच." अगदी खरं, पण दुसऱ्यांदा! पहिल्यांदा पाकीट उचलणाऱ्याने तुमचा लाडू खाल्लेलाच नसतो. त्याने फक्त लेबल वाचलेलं असतं.

आता 'शेंगदाणा लाडू' हेच नाव घ्या. यात 'श' आणि 'ल' दोन्ही आहेत. या दोन अक्षरांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. बरेच फॉन्ट मात्र हिंदी वळणाची अक्षरं देतात. वाचता येतात, पण "घरगुती मराठी चव" असं लिहून अक्षर परकं दिसलं, तर काहीतरी खटकतंच. तसंच 'भाकऱ्या' लिहून बघा. फॉन्ट किंवा टायपिंग चुकलं, तर 'भाकर्या' छापून येतं.

मग चांगले फॉन्ट महाग असतात का? अजिबात नाही! मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. मुक्ता बारीक ते जाड अशा सात वजनांत आहे, म्हणजे नाव आणि बारीक मजकूर एकाच फॉन्टमध्ये बसतो. बालू गुबगुबीत आहे, खाऊच्या पाकिटावर शोभतो. मराठी वळणच हवं असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. लेबलवर, बोर्डवर, जाहिरातीत बिनधास्त वापरा. फक्त फॉन्टची फाईल सुटी विकता येत नाही. चोरीचा फॉन्ट वापरायची मग गरजच काय?

हे सगळे युनिकोड फॉन्ट आहेत, हा मोठा फायदा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की एबीसीडीचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये एकदा टाईप केलेलं लेबल, वेबसाईट, कॅटलॉग सगळीकडे चालतं. म्हणून डिझायनरकडून मजकूर युनिकोडमध्येच मागून घ्या.

छापायला देण्याआधी एवढं तपासा:

1. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो.

2. दोन ओळींत जागा सोडा. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळी चिकटल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

3. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी बघा. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांची सेटिंग बंद असेल तर 'मिरची'ची वेलांटी भलतीकडे जाते.

4. अनुस्वार मोजा. बारीक अक्षरात टिंब भरून जातं किंवा उडतं.

5. वजन, किंमत, तारीख सजावटीच्या फॉन्टमध्ये नको. पॅकबंद मालाच्या वैधमापन नियमांत (2011) या आकड्यांची आणि अक्षरांची किमान उंची ठरवलेली आहे. आपल्या पाकिटाला कोणती लागू होते ते आधी बघा.

6. एका लेबलवर दोनच फॉन्ट. पाच फॉन्ट म्हणजे लग्नाच्या वरातीत पाच बँड!

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा फुकट आहे. लेबल खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, बरणीला चिकटवा आणि चार-पाच फुटांवर ठेवा. घरातल्या वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय नाव वाचायला सांगा. अडखळले तर छापू नका. स्क्रीनवर मोठं करून बघितलेलं डिझाइन दुकानाच्या फळीवर तेवढं मोठं नसतं.

आणि अक्षराला किरकोळ समजू नका. जावजी दादाजींनी मुंबईत देवनागरीचे खिळे पाडायचा धंदा केला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. तिथल्या सुबक, शुद्ध छपाईचं नाव देशभर झालं. एका मराठी माणसाने अक्षरावर अख्खा उद्योग उभारला. आपल्याला तर फक्त एक लेबल नीट करायचंय!

आजचं काम: तुमच्या मालाचं नाव तीन फॉन्टमध्ये काढा, फळीवर ठेवून फोटो घ्या आणि कमेंटमध्ये टाका. कोणतं लांबून वाचता येतं, ते सगळे मिळून ठरवू. भेटू पुढच्या व्हिडिओत!