चाळीस वर्षं थांबायची ऐपत कुणाची?

मी मॅट्रिक. मार्कशीट ट्रंकेत आणि मी मुंबईच्या गोदीत, ठेकेदाराच्या गँगमध्ये. रात्रपाळीला स्टीलच्या कॉइलला स्लिंग लावतो, दिवसा डोळा उघडा राहिला तर कविता लिहितो. पैसे एकाचेच मिळतात. असल्या माणसानं कॉलेजच्या फीवर का लिहावं, असं कुणी विचारील. लिहितो, कारण माझी धाकटी बहीण बारावी पास झाली आणि या प्रश्नावरून घरात तीन आठवडे कुणी कुणाशी धड बोललं नाही.

तिला इतिहास आणि समाजशास्त्र शिकायचंय. कुठूनसं तिच्या हातात एका खासगी 'लिबरल आर्ट्‌स' कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलं. हिरवळ, काचेचं ग्रंथालय, पोरंपोरी गोल बसून तत्त्वज्ञान बोलतायत. फी, राहणं, खाणं धरून वर्षाचे 10 लाख. तीन वर्षांचे 30.

मी चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. 30 लाख कर्ज, व्याज 10 टक्के, फेड 15 वर्षं. हप्ता महिन्याला 32 हजारांवर. माझी कमाई, सगळ्या पाळ्या भरल्या तर, 19 हजार. आमच्या वस्तीत बी.ए. झालेली पोरं त्याच्याच आसपास घुटमळतात. बँक साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागते. तारण काय ठेवू? पत्र्याची खोली? तिचाही कागद नाही.

मी तिला म्हणालो, "नाद सोड. नर्सिंग कर. हाताला काम तरी लागेल."

ती म्हणाली, "दादा, तू रात्रभर राबून येतोस आणि कविता लिहीत बसतोस. तुला विचारलं का कधी कुणी, किती सुटले म्हणून?"

आपुन गप्प.

दोस्तांनो, मला लाज वाटली ती याची, की सेठजीची वही मी स्वतःच्या हातानं माझ्या बहिणीपुढं उघडली होती. मलबार हिलवरच्या पोराला तत्त्वज्ञान शिकताना कुणी विचारत नाही, पगार किती पडणार. हा सवाल आमच्यासाठीच राखून ठेवलाय. तुम्ही आयटीआय करा, तुम्ही वायरमन व्हा. विचार करायचं काम आम्ही बघतो! साला, जुनीच वाटणी, नव्या कागदावर.

पण नुसत्या संतापानं हप्ता फिटत नाही. आकडे बघा. असली खासगी कॉलेजं अमेरिकेत जुनी. तिथल्या जॉर्जटाऊन विद्यापीठानं 2020 साली त्यांचा हिशेब काढला. कॉलेजात शिरल्यापासून 10 वर्षांनी, खर्च वजा जाता, या कॉलेजांचा मधला आकडा 62 हजार डॉलर. सगळ्या तऱ्हेच्या कॉलेजांचा मिळून 1 लाख 7 हजार. म्हणजे धंदा बुडीत? थांबा. 40 वर्षांनी हीच कॉलेजं 9 लाख 18 हजारांवर, आणि सगळ्यांचा मधला आकडा 7 लाख 23 हजार.

म्हणजे ही विद्या निकामी नाही. ती उशिरा फळते. आता सवाल असा, की तोवर थांबायची ऐपत कुणाची? बापाच्या फ्लॅटमध्ये राहणारा थांबतो. जिची आई चार घरची धुणीभांडी करते तिच्यामागं शिक्षण संपून वर्ष झालं की हप्ता. शिवाय त्या नऊ लाखांत कॉलेजचं किती आणि बापाच्या ओळखीपाळखीचं किती, हे आकडा बोलत नाही. तो आकडा अमेरिकेचा, इथं तसाच चिकटवता येणार नाही. पण त्यातली गोम इथलीच आहे.

1913 साली बाबासाहेब कोलंबियाला गेले. बडोदा सरकारनं महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षं. ते तिथं काय शिकले? अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. आज ज्याला लिबरल आर्ट्‌स म्हणून 30 लाखांना विकतात तेच! पदवीनंतर पगार किती, एवढ्याच मापानं तेव्हा तोललं असतं तर? आणि 1946 साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते कला आणि विज्ञानाचं. आम्हाला फक्त हात हवेत असं त्यांना वाटलं नाही.

आणि त्या हिरवळीवर आम्हाला वाट कुठली? 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार राखीव जागा लादू शकत नाही. त्यावर संसदेनं 93वी घटनादुरुस्ती केली, 15(5) कलम आलं. 2014 साली न्यायालयानं खासगी संस्थांसाठीही ते वैध ठरवलं. पण केंद्राचा 2006 चा कायदा केंद्राच्याच संस्थांपुरता. घटनेत दार केलं, चावी खिशात ठेवली. ते म्हणतात, आम्ही हुशार गरिबांना फी माफ करतो. करत असतील. माफी त्यांच्या मर्जीनं मिळते. आम्हाला हक्क पाहिजे.

बहिणीनं शेवटी अनुदानित कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. इतिहासच घेतला. हा विजय नाही, तडजोड आहे. तिथं मास्तरांच्या जागा रिकाम्या, ग्रंथालय पाचला बंद, शिष्यवृत्ती परीक्षा आटपल्यावर. पण डोक्यावर 30 लाख नाहीत. ती चुकीचं पुस्तक उघडू शकते, एखादं वर्ष अडखळू शकते. कर्जबाजारी माणसाला अडखळताही येत नाही.

म्हणून सांगतो. वस्तीतलं पोरगं आर्ट्‌सला जातो म्हणालं तर "करून काय करणार?" हे विचारू नका. कर्ज काढायलाही सांगू नका. त्याच्याबरोबर समाजकल्याणच्या दारात उभे राहा, शिष्यवृत्ती वेळेवर मागा, रिकाम्या जागा भरा म्हणून कॉलेजला घेराव घाला. राखीव जागांचा कायदा खासगी संस्थांना लावा म्हणून रस्त्यावर या.

उद्या माझी पाळी रात्रीची आहे. दिवसा मी मोकळा आहे. कुठं जमायचं ते कळवा.

जय भीम!