डॉलर कोणता, वटाव कोणाचा?

आमच्या आजोबांच्या काळी सांगलीच्या पेठेत हळदीचा बराचसा व्यवहार हुंडीवर चाले. मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहून दिली की इथे रोकड हाती येई. मात्र ती हुंडीवरील आकड्यापेक्षा थोडी कमी असे. त्या फरकाला पेढीवर हुंडणावळ म्हणत, घरात नुसता ‘वटाव’ म्हणत. आजोबांचे एक सांगणे असे: वटाव द्यावा लागला याचे वाईट वाटून घेऊ नये; तो किती गेला आणि कोणाकडे गेला, हे मात्र रोजमेळात लिहिता आले पाहिजे.

हे सांगणे गेल्या डिसेंबरात मला आठवले ते कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया या बेटावर. चिरंजीव न्यू जर्सीत नोकरीस आहे. त्याने व सूनबाईंनी आम्हा उभयतांना आठ दिवसांसाठी तेथे नेण्याचे ठरविले, आणि निघण्याच्या महिनाभर आधीच दूरध्वनीवर वाद सुरू झाला. त्याचे म्हणणे, “अण्णा, आता सगळीकडे कार्ड चालते, कमरेला पैसे बांधून यायचे दिवस गेले.” माझे म्हणणे, परमुलखात रोकड हाच सोबती. प्रवास आटोपल्यावर लक्षात आले की दोघांचेही निम्मे बरोबर होते. राहिलेले निम्मे मात्र दोघांनाही त्या बेटावरच शिकावे लागले. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत व अशा सहली आता घरोघरी ठरत आहेत. म्हणून हा हिशेब येथे मांडतो.

प्रथम तयारीविषयी. परदेशी जाताना बहुतेक देशांसाठी माणशी ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. त्याहून अधिक रक्कम कार्डावर न्यावी लागते. मी माझ्यापुरते ६०० डॉलर घेतले, आणि त्यांत वीस, दहा, पाच व एकच्या नोटा आग्रहाने मागून घेतल्या. शंभराची नोट पाहून लहान दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, हे सांगली काय नि सेंट लुसिया काय, सारखेच. कार्डाबाबत मात्र चूक होता होता वाचलो. २०२० पासून आपल्याकडील नवे कार्ड केवळ देशातील व्यवहारांसाठीच सुरू असते. परदेशी वापराची परवानगी आपण स्वतः बँकेच्या अॅपमधून द्यावी लागते. ही गोष्ट निघण्याच्या आदल्या रात्री ध्यानात आली. परक्या विमानतळावर ती कळली असती, तर चिरंजीवापुढे माझे काय झाले असते, हे सांगायला नको.

सेंट लुसियाचा मोठा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे; आम्ही उतरणार होतो ते ठिकाण उत्तरेला, दीड तासाच्या अंतरावर. तेथील टॅक्सीला मीटर नसतो. ठरलेले दर असतात, ते बसण्यापूर्वी विचारून घ्यावे लागतात. चालकाने आकडा सांगितला. चिरंजीवाने लगेच विचारले, “कोणते डॉलर?” उत्तर आले, “अमेरिकी.” मला तो प्रश्न तेव्हा अनावश्यक वाटला. डॉलर तो डॉलर!

तसे ते नाही. सेंट लुसियाचे चलन आहे पूर्व कॅरिबियन डॉलर. आठ प्रदेशांचे हे सामाईक चलन: अँटिग्वा व बार्बुडा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स व नेव्हिस, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट व ग्रेनाडिन्स, आणि अँग्विला व मॉन्टसेराट. त्यांची एकच मध्यवर्ती बँक सेंट किट्सच्या बास्तेर गावी आहे. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा भाव बांधलेला आहे; तेव्हापासून तो हललेला नाही. गमतीचा भाग असा की लिहिताना दोघांचीही खूण तीच, बोलताना दोघांनाही ‘डॉलर’च म्हणतात. हॉटेल, टॅक्सी, नौकाविहार यांचे दर पाहुण्यांना बहुधा अमेरिकी डॉलरांत सांगतात. बाजार, मिनीबस, किराणा यांचे स्थानिक डॉलरांत. एकाच गावात, एकाच शब्दाला, दोन भाव! शंभराच्या स्थानिक नोटेवर सर आर्थर लुईस यांचे चित्र आहे. याच बेटावर जन्मलेल्या या अर्थशास्त्रज्ञाला १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ती नोट हाती घेताना व्यापारी माणसाला बरे वाटते.

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खिडकीवर आम्ही सुफ्रिएरच्या नौकाफेरीचे पैसे भरले. त्या गावाजवळ समुद्रातून सरळ वर आलेले पितों नावाचे दोन सुळके आहेत. ते पाहण्यासाठी ही फेरी. चौघांचे मिळून ५४० स्थानिक डॉलर, म्हणजे २०० अमेरिकी. खर्च माझा, म्हणून कार्डही माझे. यंत्राच्या पडद्यावर दोन चौकोन आले: एकात स्थानिक डॉलर, दुसऱ्यात भारतीय रुपये. खिडकीवरच्या तरुणाने हसून, न विचारता, रुपयांचा चौकोन दाबला. आपल्या घरचे चलन पाहून मलाही समाधान वाटले. आकडा ओळखीचा, मनात गुणाकार करायला नको!

रात्री वही काढली तेव्हा समाधान उतरले. हिशेबासाठी अमेरिकी डॉलर ८५ रुपयांचा धरू. २०० डॉलरांचे १७,००० रुपये व्हावेत. यंत्राने लावले होते १७,९५०. स्थानिक चलनाचा चौकोन दाबला असता, तर माझ्या बँकेने दोन टक्के परकीय चलन आकार व त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला असता. एकूण सुमारे ४०० रुपये. रुपयांत पैसे दिल्यामुळे यंत्रवाल्यांनी आपला भाव लावून ९५० घेतले. आणि परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावर आपल्याकडील अनेक बँका आणखी एक टक्का आकार व जीएसटी लावतात, त्याचे सुमारे २१० वेगळेच. म्हणजे ४०० च्या जागी ११६०. रक्कम मोठी नव्हे. पण चाळीस वर्षे पेढीवर बसलेल्या माणसाकडून, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच चलनाची भुरळ घालून वटाव घेतला गेला, आणि तो घेतला जात आहे हेही त्याला कळले नाही. झोप लागली नाही, ती रकमेमुळे नव्हे.

शनिवारी कॅस्ट्रीज या राजधानीच्या बाजारात गेलो. कार्ड सगळीकडे चालते, हे चिरंजीवाचे म्हणणे हॉटेलात जेवणाऱ्यांपुरते खरे आहे. आमचे जेवण वेगळे. डिसेंबरात तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि उपाहारगृहांच्या चुली त्यानंतरच पेटतात. शिवाय तेथील ताटात रताळी, सुरण, अळकुड्या ठरलेल्याच. म्हणून आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. भाजी, फळे, नारळ, कच्ची केळी, नीरफणस रोज बाजारातून आणायचे. अशा कुटुंबाला रोकड इतरांपेक्षा जास्तच लागते, आणि तीही सुट्ट्या स्थानिक नोटांत. भाजीवालीच्या टोपलीशेजारी यंत्र नसते. हिरव्या पाटीच्या मिनीबसमध्येही नसते.

मसाल्याच्या एका फळीवर जायफळ, जायपत्री, दालचिनीच्या जुड्या होत्या. हळदीच्या व्यापाऱ्याचे पाय तेथे थांबणारच. एक वयस्क बाई बसल्या होत्या. जायफळे व दालचिनी मिळून त्यांनी दहा डॉलर सांगितले. सवयीने मी आठ म्हटले. त्यांनी मान हलवली. टॅक्सीवाल्याच्या बोलण्याप्रमाणे मी हे अमेरिकीच समजलो, आणि दहाची अमेरिकी नोट पुढे केली. त्यांनी ती उलटून पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि सावकाश म्हणाल्या, ही नोट आमच्याकडे पंचवीसला चालते, बँकेत सत्तावीस मिळतील, चालेल का? मी मान डोलावल्यावर त्यांनी पंधरा स्थानिक डॉलर परत दिले.

नोट मुकाट्याने ठेवून घेतली असती, तर मला कधीही कळले नसते. एवढेच नव्हे, भाव करून स्वस्तात घेतल्याच्या आनंदात मी गेलो असतो.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर सत्तावीसमागे दोन, म्हणजे सात टक्क्यांहून अधिक वटाव बाईंनी घेतला. टक्केवारीत तो हॉटेलच्या यंत्रापेक्षा जास्तच होता. तरी तो मला खुपला नाही. तो आधी सांगितला होता, बँकेचा भावही सोबत सांगितला होता, आणि नकार द्यायला जागा ठेवली होती. बँकेत जाऊन नोट वटवण्याचे काम त्यांच्याच माथी होते, त्याची ती मजुरी. यंत्राचा वटाव टक्क्यांनी कमी होता, पण मुका होता.

बाजारातून निघून मी बँकेच्या एटीएममधून एकदाच तीनशे स्थानिक डॉलर काढले. दर खेपेला वेगळा आकार पडतो, म्हणून थोडे थोडे काढू नये; आणि काढायचे ते डेबिट कार्डावर. क्रेडिट कार्डावर रोकड काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. डॉलर भरून नेलेले प्रवासी कार्डही स्थानिक डॉलरांत वापरले, तर चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. हॉटेलची अनामत मात्र क्रेडिट कार्डावरच द्यावी. डेबिट कार्डावर दिली, तर खात्यातील आपलेच पैसे काही दिवस अडकून पडतात. आणि बक्षिसी देण्यापूर्वी बिल वाचावे. त्या भागात दहा टक्के सेवा आकार बिलात बहुधा आधीच धरलेला असतो.

परतीच्या आदल्या दिवशी सुफ्रिएरच्या रस्त्यावरच्या एका दुकानात सूनबाईंनी कापडी पिशव्या निवडल्या. कार्ड पुढे करताच दुकानदार म्हणाला, यंत्र बंद आहे. यंत्राचा हिरवा दिवा तर लुकलुकत होता. चिरंजीव माझ्याकडे वळून म्हणाला, “अण्णा, हे तर आपलेच दुकान!”

सगळे हसले, मीही हसलो. पण तो सांगत होता ते खरे होते. यूपीआयवर दुकानदाराला आकार पडत नाही. क्रेडिट कार्डावर मात्र दोन टक्क्यांच्या आसपास जातो. घाऊक हळदीच्या नफ्यात तो मोठा वाटतो. म्हणून परगावचे गिऱ्हाईक कार्ड काढू लागले की गेली काही वर्षे आमच्या गल्ल्यावरून एकच उत्तर जाई: यंत्र बंद आहे. कॅस्ट्रीजच्या बाईंनी आपला वटाव परक्या माणसाला तोंडावर सांगितला. मी माझा वटाव वाचवण्यासाठी रोज एक लहानसे खोटे बोलत होतो, आणि ते खोटे आहे हे माझ्या मुलाला ठाऊक होते.

इतर बेटांवर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बार्बाडोसमध्ये स्वतंत्र डॉलर आहे, एका अमेरिकी डॉलरला दोन. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा. केमनचा त्याहून महाग, १.२० अमेरिकी डॉलरांचा. अरुबात फ्लोरिन, १.७९ ला एक अमेरिकी डॉलर. क्युरासाओ व सेंट मार्टिनच्या डच भागात मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर, भाव तोच. पोर्तो रिको, ब्रिटिश व्हर्जिन बेटे, टर्क्स व कैकोस येथे अमेरिकी डॉलरच चलन. सेंट लुसियाच्या शेजारचे मार्टिनिक फ्रान्सचे, तेथे युरो. जमैकाचा डॉलर मात्र तरता आहे, एका अमेरिकी डॉलरला दीडशेच्या वर. तेथे शून्ये मोजावीत. आणि क्युबाला जाणार असाल, तर मुलाच्या अमेरिकी बँकेच्या कार्डावर विसंबू नये. ते तेथे चालत नाही. पूर्व कॅरिबियन नोटा आपल्याकडे बदलून मिळणे कठीण. म्हणून निघण्यापूर्वीच त्या खर्चून टाकाव्यात.

तात्पर्य, रोकड की कार्ड, हा वाद घालण्यात अर्थ नाही. मोठी रक्कम कार्डावर, तीही तेथल्याच चलनात. बाजारहाट स्थानिक सुट्ट्या नोटांत. आणि प्रत्येक वेळी पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न: कोणते डॉलर?

परतल्यावर दुकानातील मुलांना सांगितले आहे की यंत्र बंद असल्याशिवाय ते बंद आहे असे म्हणायचे नाही. कार्डावर आम्हाला इतका आकार पडतो, यूपीआय केलेत तर बरे होईल. नाही जमले तर कार्ड घेऊ, असे सांगायचे. पहिल्या महिन्याच्या रोजमेळात कार्डाच्या आकाराचे एक वेगळे सदर पडले. रक्कम थोडी खटकते. पण ती लिहिलेली आहे.