विश्लेषण : पंपिंग ६० टक्के, तरी इकोमध्ये दोष का? उतारवयातील हृदय आणि कॅल्शियमची गळती

जळगाव असो वा धुळे, साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या टूडी इको अहवालात एक ओळ हमखास दिसते : ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’. त्याच कागदावर पंपिंग मात्र ६० टक्के, म्हणजे उत्तम. मग बिघाड कसला? हृदय आकसते नीट, पण सैल व्हायला वेळ घेते. रक्तदाब, मधुमेह, ताठरलेला स्नायू ही कारणे आहेतच. आणखी एक कारण पेशीच्या आत आहे.

कॅल्शियम काय करते?

प्रत्येक ठोक्याला पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर येते आणि स्नायू आकसतो. ते साठ्यात परत गेले की स्नायू सैल होतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसात हे लाखभर वेळा घडते. कॅल्शियम सोडणारे दार म्हणजे रायनोडीन रिसेप्टर, परत ओढणारा पंप म्हणजे ‘सर्का’. या पंपाला ऊर्जा पुरवतात मायटोकॉन्ड्रिया.

वयानुसार काय बिघडते?

ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे काही उपद्रवी रेणू सुटतात. तरुण पेशी ते लगेच निकामी करते. वय वाढते तसे रेणू वाढतात, सफाई मंदावते. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्याने दार नीट मिटत नाही, सर्काही थकतो. केळीच्या बागेत व्हॉल्व्ह गळका आणि मोटारीला कमी दाबाची वीज, अशी गत. झिरपलेले कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियात शिरते आणि तिथून आणखी रेणू सुटतात. ठोके अनियमित होण्याचा धोकाही या गळतीमुळे वाढतो. हे बरेचसे प्राण्यांच्या पेशींवरील प्रयोगांतून कळले आहे.

मग अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्यावी?

तर्क सोपा वाटतो, पण चाचणीत टिकला नाही. ‘होप’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ९ हजारांहून अधिक रुग्णांत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊनही हृदयविकार टळले नाहीत (२०००). पुढील पाहणीत तर हार्ट फेल्युअरचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले (२००५). सर्काचे जनुक हृदयात पोहोचवण्याची २५० रुग्णांवरील चाचणीही अपयशी ठरली. हाडांसाठीच्या कॅल्शियम गोळ्यांचा या गळतीशी थेट संबंध नाही. अहवाल पाहून त्या स्वतःहून बंद करू नयेत.

खान्देशात उन्हाळ्याचे काय?

पारा ४५ अंशांजवळ गेला की त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी ठोके वाढतात. दोन ठोक्यांमधला वेळ घटतो, आणि सैल होण्यासाठी याच हृदयाला तो जास्त हवा असतो. लघवीच्या गोळ्या सुरू असतील तर पाणी किती प्यावे आणि डोस बदलावा का, हे डॉक्टरांना एप्रिलआधीच विचारलेले बरे.