धांवत्या जनावराचा वैद्य

ज्या जनावराच्या धांवेवर पैसा लागलेला असतो, त्याच्या प्रकृतीची काळजी मालक आपण होऊनच घेतो, असा सर्वत्र समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मालक जनावर जपतो तें जिंकावें म्हणून. परंतु जिंकणें आणि निकोप राहणें या दोहोंचा मार्ग कांहीं मजलांपर्यंतच एक असतो. पुढें वाट फुटते, आणि त्या फाट्यावर जनावराच्या बाजूनें बोलणारा कोणी जाणता मनुष्य लागतो. घोड्याच्या बाबतींत असा मनुष्य विद्यापीठांनीं निर्माण केला. शर्यतीच्या बैलासाठीं तो आपणांस अजून निर्माण करावयाचा आहे. म्हणून घोड्याच्या या वैद्याची हकीकत शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

पशुवैद्यकाची शाळा मुळांत घोड्याच्याच पायीं निघाली. फ्रान्समधील लिओं शहरीं १७६१ सालीं अशा पहिल्या शाळेची मंजुरी मिळविणारे क्लॉद बूर्जला हे अश्वारोहणाचे शिक्षक होते. तथापि पुढील दोनशें वर्षें हें शास्त्र मुख्यतः उभ्या घोड्याचेंच शास्त्र राहिलें. धांवतांना दम सोडणारा घोडा ठाणावर तपासावा, तों तो धडधाकट दिसावा, आणि वैद्यानें मान हलवून शक्तिवर्धक औषध लिहून द्यावें, असा प्रकार चाले.

ही अडचण दूर करणाऱ्यांत स्वीडनचे सुने पर्सन यांचें नांव अग्रभागीं येतें. त्या देशांत दुडक्या चालीनें हलकी दुचाकी गाडी ओढणाऱ्या घोड्यांच्या शर्यती फार लोकप्रिय आहेत. स्टॉकहोम येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत पर्सन यांनीं घोड्यास पायांखालून मागें सरकणाऱ्या यांत्रिक पट्ट्यावर धांवविलें. घोडा धांवतो, पण जागा सोडीत नाहीं. त्यामुळें त्याची नाडी, श्वास व रक्त हीं ऐन श्रमांत तपासतां येतात. १९६७ सालीं त्यांनीं घोड्याचें एकंदर रक्त व त्याची श्रमशक्ति यांच्या संबंधावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. घोडा विसांव्यांत असतां रक्तांतील तांबड्या पेशींचा मोठा सांठा पाणथरींत दडलेला असतो आणि श्रम सुरू होतांच तो बाहेर पडतो. सबब ठाणावर काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून त्याच्या ताकदीचा अदमास बांधणें फसवें आहे, हें यावरून स्पष्ट झालें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अतिश्रमानें खचलेल्या कांहीं शर्यतीच्या घोड्यांत त्यांना रक्ताची तूट नव्हे, तर तांबड्या पेशींची बेसुमार वाढ आढळली. अशा घोड्यास रक्तवर्धक औषध देणें म्हणजे भरल्या रांजणांत आणखी पाणी ओतणें होय. त्याला हवी ती दीर्घ विश्रांति. आणि नेमकी तीच मालकास परवडत नाहीं.

घोड्याची नाडी विसांव्यांत मिनिटास ३० ते ४० असते. भरधांवेंत ती २२० च्याही पुढें जाते. नाडी २०० वर पोहोंचते तेव्हां वेग किती, हें माप पर्सनप्रभृतींनीं रूढ केलें. त्यायोगें घोडा तयार होत आहे कीं खचत आहे, हें लंगडेपणा दिसण्यापूर्वीं कळण्याची सोय झाली.

दुसरें उदाहरण उन्हाचें. १९९२ सालच्या बार्सिलोना ऑलिंपिकांत लांब पल्ल्याच्या दौडींत घोडे उष्णतेनें हैराण झाले. पुढील स्पर्धा १९९६ सालीं अटलांटाच्या दमट उन्हाळ्यांत व्हावयाची होती. तेव्हां केंब्रिजच्या पशुवैद्यक शाळेचे प्रमुख लिओ जेफ्कॉट, न्यूमार्केटचे डेव्हिड मार्लिन व इतर देशांतील अभ्यासक यांनीं अगोदर प्रयोग केले. तापलेल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर थंड पाणी ओतल्यास स्नायू आंखडतात, अशी जुनी समजूत होती. बर्फाळ पाणी पुनःपुन्हां ओतल्यानें अपाय न होतां ताप झपाट्यानें उतरतो, असें प्रयोगांती दिसून आलें. दौडीचे टप्पे आंखूड करण्यांत आले, मध्यें जादा विसांवा ठेवण्यांत आला, आणि ऊन, दमटपणा व वारा यांचा एकत्र हिशेब घेऊन निर्णय करण्याची रीत पडली. वैद्याच्या मोजमापानें स्पर्धेचे नियम बदलले, हें येथें ध्यानांत घ्यावें.

याच विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेदना मारणारें औषध देऊन दुखऱ्या पायाचा घोडा पळवितां येतो. वेदना बुजते, पण हाड मोडावयाचें राहत नाहीं. ज्या वैद्याची फी मालक देतो, त्याला अशा वेळीं ‘हा घोडा आज पळणार नाहीं’ असें म्हणणें जड जातें. विद्यापीठांतील अध्यापकाची जागा मोलाची ती याचसाठीं. त्याचा पगार शर्यतीच्या निकालावर अवलंबून नसतो, आणि त्याच्या नकारामागें मोजलेले आंकडे असतात.

आतां आपल्याकडे पाहूं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केलेल्या बैलगाडी शर्यती २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांत पुन्हां सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. बैल शर्यतीस योग्य असल्याबद्दल पशुवैद्याचा दाखला नियमानें लागतो. परंतु तो दाखला ठाणावर उभ्या बैलाचा असतो. म्हणजे घोड्याच्या बाबतींत टाकून दिलेली रीत आपण बैलाच्या बाबतींत नव्यानें धरिली आहे. नांगराच्या बैलाचा थकवा श्वास, नाडी, ताप, तोंडाचा फेंस व पावलांचा डळमळ यांवरून मोजण्याचें काम भारतीय संशोधकांनीं केलेलें आहे. तेंच शर्यतीच्या बैलाकडे वळवावें. मात्र घोड्याचे आंकडे बैलास जसेच्या तसे लावूं नयेत. बैल रवंथ करणारा, आणि त्याला घोड्याइतका घाम येत नाहीं.

यंत्राचा पट्टा महाग आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण आरंभास घड्याळ, तापमापक व नळी एवढें पुरे. शर्यतीपूर्वीं, शर्यत संपतांच आणि अर्ध्या घटकेनें, असे तीन वेळां नाडी, श्वास व ताप टिपून ठेवावे. एका हंगामांत कोणता बैल लवकर पूर्वपदावर येतो व कोणता नाहीं, हें गांवकऱ्यांस स्वतःच्याच वहींत दिसेल. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालत आलें आहे. तेथें व इतर महाविद्यालयांत श्रमाच्या व शर्यतीच्या जनावरांसाठीं स्वतंत्र अध्यापक नेमावा, आणि दाखल्याची फी मालकाच्या हातून न जातां संयोजकांच्या सामाईक निधींतून जावी, अशी मागणी शेतकरी संघांनीं करावी.

बैल जिंकला म्हणजे गुलाल मालकाच्या कपाळीं लागतो; बैल खचला म्हणजे तो बाजारांत उभा राहतो. पोळ्यास त्याच्यापुढें हात जोडणाऱ्या आपण लोकांनीं वर्षाच्या इतर दिवशींही त्याच्या बाजूचा एक मनुष्य नेमून ठेवावा, यांत फार मागितलें असें आम्हांस वाटत नाहीं.