पुन्हा येण्याचं भाडं

दिवाळीच्या सुमारास पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान कापणीला येतो. त्याच दिवसांत एखाद्या आईला तान्ह्या बाळाच्या पायाचं प्लास्टर बदलायला दर आठवड्याला दवाखाना गाठायचा असतो. रोजी बुडवायची की खेप? यंदाचं संपादकीय या प्रश्नासाठी आहे.

जन्मतः आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, आता बहुतेक मुलांत मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवलेली ही पद्धत. पाऊल हातानं हलकेच वळवायचं, प्लास्टर घालायचं, आठवड्यानं काढून आणखी थोडं वळवायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं, बहुतेकदा टाचेमागच्या कंडरेवर छोटासा छेद. मग आडव्या पट्टीला जोडलेले बूट: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. खरी परीक्षा इथे आहे. पाय सरळ दिसतो, बाळ रडतं, बूट तोकडे होतात आणि घरचे ते काढून ठेवतात. पाऊल पुन्हा वळू लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी-शाळांतून अशी मुलं शोधली जातात, हे मोलाचं काम आहे. पण शोधलेलं मूल पुन्हा पुन्हा यायला हवं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला तर वर्षानुवर्षं व्यायाम लागतो. शिबिरात मिळालेला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा साचा, वाढत्या पायाला लवकरच अपुरा पडतो, आणि त्याचा तुटलेला पट्टा शिवायलाही शहर गाठावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या माजरीला निदान रेल्वे आहे. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या आईबापांना तीही नाही.

उपचारानंतरचं आयुष्यही उपचाराइतकंच महत्त्वाचं, हे या मुलखाला नवं नाही. जवळच वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरोग्यांच्या हातांना काम दिलं. पुढे अपंगांसाठी तिथं संधिनिकेतन उभं राहिलं.

आमची मागणी छोटी आहे. तालुक्याच्या दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट, बूट-कॅलिपर दुरुस्त करणारा एक कारागीर आणि आईच्या बुडालेल्या रोजीसकट जाण्यायेण्याचं भाडं. प्लास्टरचा वार ठरवताना तालुक्याच्या बाजाराचा वार धरावा, कारण त्या दिवशी गावातून गाडी निघतेच.