चर्च-कर आणि श्रद्धेचा हिशोब

युरोपातील ख्रिस्ती श्रद्धेला ओहोटी लागली आहे, हे विधान आता नवे राहिलेले नाही. चर्च ओस पडली आणि इहवादाची सरशी झाली, असा निष्कर्षही त्यावरून सर्रास काढला जातो. जर्मनीचा अनुभव मात्र इतका सरळ नाही. २०२२ साली त्या देशात पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्चचे सदस्यत्व सोडले. हा तोवरचा उच्चांक होता. २०२४ साली ही संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास आली, तरी ओघ थांबलेला नाही. प्रॉटेस्टंट चर्चची अवस्थाही निराळी नाही. विशेष म्हणजे ही माणसे धर्मगुरूकडे जाऊन निरोप घेत नाहीत. बहुतेक राज्यांत ती न्यायालयात किंवा नागरी नोंदणी कार्यालयात जातात आणि तेथे सही करून मोकळी होतात. धर्मनिरपेक्ष शासनाने धर्मसंस्थेच्या सदस्यत्वत्यागाची नोंद का ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर चर्च-करात आहे.

ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो प्राप्तिकर भरतो, त्याच्याकडून प्राप्तिकराच्या ९ टक्के, तर बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत ८ टक्के, इतकी अधिक रक्कम शासनाचे वित्त खाते वसूल करते व आपला वसुली खर्च कापून चर्चच्या हवाली करते. एखाद्याचा प्राप्तिकर दहा हजार युरो असेल, तर त्याला चर्चसाठी आठशे ते नऊशे युरो द्यावे लागतात. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने राजधर्म रद्द केला. परंतु चर्चचा हा अधिकार कायम ठेवला आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने तीच कलमे जशीच्या तशी स्वीकारली.

या व्यवस्थेची मुळे आणखी मागे जातात. १८०३ साली जर्मन राज्यांनी चर्चच्या जमिनी व संस्थाने ताब्यात घेतली. त्याच्या भरपाईपोटी बहुतेक राज्ये आजही दरवर्षी मिळून पन्नास कोटी युरोंहून अधिक रक्कम चर्चना देतात. ही देणी एकदाची चुकती करावीत, असा आदेश वायमार घटनेनेच दिला होता. शतक उलटून गेले, तरी तो अमलात आलेला नाही. फारकत जाहीर झाली. पोटगी मात्र चालूच राहिली.

ज्या २०२२ साली सदस्यत्वत्यागाचा उच्चांक झाला, त्याच वर्षी कॅथलिक चर्चचे करउत्पन्नही सुमारे ६८५ कोटी युरोंच्या विक्रमी पातळीवर पोहोचले. ही वाढ चलनवाढीने गिळून टाकली हे खरे. तथापि सदस्य घटत असता तिजोरी भरलेली राहते, याचा परिणाम संस्थेच्या वृत्तीवर होतोच. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात : आवाज उठविणे किंवा बाहेर पडणे. जर्मन चर्चमध्ये पहिल्या मार्गाने फारसे काही साधत नाही, अशी अनेकांची भावना झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातील ३,६७७ मुलांवरील लैंगिक अत्याचारांची नोंद आढळली. त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांत केवळ कर चुकविणारे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु बाहेर पडण्याची किंमतही जबर आहे. २०१२ साली जर्मन बिशपांनी काढलेल्या फर्मानानुसार सदस्यत्व सोडणाऱ्या कॅथलिकास ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, पापनिवेदन करता येत नाही आणि कोणाचा धर्मपिताही होता येत नाही. श्रद्धा असूनही कर नाकारणारा बाहेर आणि श्रद्धा नसूनही कर भरणारा आत, अशी ही विभागणी आहे.

चर्चची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. कारितास आणि डियाकोनी या दोन ख्रिस्ती सेवासंस्थांत मिळून दहा लाखांहून अधिक माणसे काम करतात. त्यांची रुग्णालये, बालवाड्या आणि वृद्धाश्रम यांच्यावाचून जर्मन कल्याणकारी राज्य चालणार नाही. मात्र या सेवांचा बहुतांश खर्च सामाजिक विम्यातून व सार्वजनिक निधीतून भागतो; चर्च-कराचा त्यातील वाटा अल्प आहे. तेव्हा सेवेच्या नावाने कराचे समर्थन फार दूर नेता येत नाही.

या गुंत्याकडे सर्वांत तीव्रतेने बोट दाखविले ते खुद्द जर्मन पोपने. सप्टेंबर २०११ मध्ये फ्रायबुर्ग येथे बोलताना बेनेडिक्ट सोळावे यांनी चर्चने ऐहिक बंधनांतून मुक्त व्हावे, असे प्रतिपादन केले. मालमत्ता आणि विशेषाधिकार गमावण्याचे इतिहासातील प्रसंग चर्चच्या शुद्धीस उपकारकच ठरले, असा त्यांचा रोख होता. ते म्हणणे बिशपांनी आदराने ऐकले. करव्यवस्था मात्र जागची हलली नाही.

पर्याय नाहीत असे नाही. इटलीत १९९० पासून करदाता आपल्या प्राप्तिकरातील हजारी आठ हिस्सा कोणत्या धर्मसंस्थेला वा शासनाला जावा हे सुचवितो. त्यामुळे त्याचा करभार वाढत नाही व सदस्यत्वही पणास लागत नाही. अर्थात, कौल न देणाऱ्यांचा हिस्साही इतरांच्या कौलानुसार वाटला जातो, हा त्यातील दोष आहे. भारतीय राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने, ज्याचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखले आहे असा कर देण्याची सक्तीच निषिद्ध ठरविली आहे.

जर्मनीत आज दोन्ही चर्चचे मिळून सुमारे पावणेचार कोटी सदस्य उरले आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी. आजचे ज्येष्ठ करदाते निवृत्त होतील तेव्हा उत्पन्नही आटेल आणि सुधारणा नाइलाजाने करावी लागेल. १८०३ चे देणे चुकते करणे आणि वर्गणी स्वेच्छेची करणे, ही दोन पावले आज हिंमतीने उचलली, तर चर्चचा कोश लहान होईल. पण आत उरलेला माणूस श्रद्धेने उरला आहे, हे तरी तिला निश्चितपणे सांगता येईल.