रिकाम्या गाडग्यावर पट्टी

विलायतेंत गोरगरीब नाहींत, अशी आमच्याकडील पुष्कळ भाबड्या लोकांची समजूत आहे. ती खरी असती तर ज्याच्या चुलीवर दोन्ही वेळां कांहीं शिजेल कीं नाहीं याची भ्रांत, त्याच्याकडून घरपट्टीचा पांचवा हिस्सा कसा काढावा याचा खल तेथील कौन्सिलांना २०१३ सालापासून करावा लागला नसता.

इंग्लंडांत या घरपट्टीला कौन्सिल टॅक्स म्हणतात. ती बहुतकरून घरांत राहणारानें भरावयाची, मग घर स्वतःचें असो वा भाड्याचें. १९९१ सालच्या किंमती धरून घरांच्या आठ प्रती पाडलेल्या आहेत. चाळीस हजार पौंडांपर्यंतचें घर सर्वांत खालच्या प्रतींत. तीन लक्ष वीस हजारांवरचें, मग तो राजवाडा कां असेना, सर्वांत वरच्या. म्हणजे किंमतींत निदान आठ पटींचें अंतर, आणि पट्टींत मात्र तिपटीचें! लहान घरावर आधींच जास्त भार आहे, हें वाचकांनीं पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावें.

या पट्टीच्या आधीं थॅचरबाईंच्या सरकारनें डोईपट्टी बसविली होती. स्कॉटलंडांत १९८९ सालीं, इंग्लंड-वेल्समध्यें १९९० सालीं. गांवांतला लक्षाधीश आणि त्याच्या घरची भांडीं घासणारी बाई, दोघांनाही आंकडा एकच. अगदीं कंगालाला सूट मिळाली तरी शेंकडा वीस भरलेच पाहिजेत, असा नियम होता. लोक खवळले. ३१ मार्च १९९० रोजीं लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत दंगल झाली, नोव्हेंबरांत बाईंचें प्रधानपद गेलें, आणि १९९३ सालीं डोईपट्टी जाऊन कौन्सिल टॅक्स आला. त्यांत अगदीं निर्धनाला संपूर्ण माफी मिळूं लागली. वीस वर्षें ही माफी चालली.

एप्रिल २०१३ मध्यें वरच्या सरकारनें ती मोडली. माफीचा कारभार ज्या त्या कौन्सिलाकडे सोंपविला, पण पैसे देतांना दहावा हिस्सा कापून घेतला. शिवाय पेन्शनीच्या वयाच्या लोकांना धक्का लावूं नये असेंही बजावलें. दहा भाकरींतली एक काढून घ्यायची, म्हाताऱ्यांच्या ताटांतलें कांहीं उचलायचें नाहीं, आणि वाढायची पळी मात्र दुसऱ्याच्या हातीं द्यायची, असा हा न्याय. म्हाताऱ्यांचें राखलें हें चांगलेंच झालें. (म्हातारीं माणसें मतें द्यायला न चुकतां जातात, हेंही त्याला एक कारण असावें.) पण सगळी तूट पडली ती हातावर पोट असलेल्यांवर, आणि शिव्या खायला कौन्सिल! स्कॉटलंड व वेल्स येथें ती तूट सरकारी तिजोऱ्यांतून भरून काढली गेली. इंग्लंडांत पुष्कळ कौन्सिलांनीं ‘प्रत्येकानें कांहींतरी भरलेंच पाहिजे’ म्हणून कमींत कमी रक्कम बांधून दिली. कित्येक ठिकाणीं ती शेंकडा वीस ठरली. पुढच्या दारानें हांकलून दिलेली डोईपट्टी परसदारानें घरांत शिरली ती अशी.

आतां वसुली पहा. हप्ता चुकला कीं तगाद्याचा कागद. मुदतींत भरला नाहीं तर वर्षाची सारी बाकी एकदम देणें होते. मग मॅजिस्ट्रेटचें समन्स, त्याचा खर्चही देणेकऱ्याच्याच माथीं. हुकूम झाला म्हणजे बेलिफ. त्याच्याकडे प्रकरण गेलें कीं ७५ पौंड, आणि तो दाराशीं आला कीं आणखी २३५. हे २०१४ सालीं कायद्यानें ठरविलेले दर होते. दीडशें पौंडांची बाकी असली तर तिच्या दुपटीहून जास्त बेलिफाचेच! जप्तीवाला दारांत उभा राहिला म्हणजे घरांतल्या बायकापोरांची काय अवस्था होते, हें आमच्या शेतकरी बांधवांस सांगण्याची गरज नाहीं.

बरें, एवढें करून तिजोरींत काय पडलें? लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनें २०१९ सालीं हिशेब प्रसिद्ध केला. माफी कापल्यामुळें जी जादा पट्टी बसली, तिच्यांतली सुमारें चवथाई वसूलच होत नाहीं! गाडगें रिकामें असतां तें उलथें करून बडविल्यानें दाणे पडत नाहींत, हें आमच्या कुणब्याच्या पोरालाही कळतें.

यावर कांहीं कौन्सिलांनीं नवी तोड काढली आहे. मजुराची कमाई महिन्यागणिक कमीजास्त होते. तितक्या वेळां माफीचा हिशेब बदलतो आणि घरीं नवें बिल येतें. त्यापेक्षां कमाईच्या पायऱ्या पाडाव्या आणि एका पायरीवर असेपर्यंत पट्टी बदलूं नये, अशी ही योजना. ती समजायला सोपी आहे व आम्हांस पसंत आहे. पण दोन अटींवर. पायरी ओलांडतांना चार पौंडांच्या जादा मजुरीपायीं चाळीसांची माफी जाऊं नये. आणि सर्वांत खालची पायरी पूर्ण माफीची असावी. ती नसेल तर सुधारणा हें केवळ नांव. खालीं वीसच टक्के उभे!

हें अशक्य आहे असें कोणी म्हणेल, तर कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या डरहॅम परगण्यानें आणि लंडनच्या पूर्वेकडील टॉवर हॅम्लेट्सनें २०१३ नंतरही पूर्ण माफी चालू ठेवली होती. या दोन्ही जागा कांहीं कुबेरांच्या वस्त्या नव्हेत. तेव्हां वरच्या सरकारनें कापलेला हिस्सा परत द्यावा, आणि निर्धनाची माफी कौन्सिलाच्या मर्जीवर न सोडतां पेन्शनवाल्यांप्रमाणें कायद्यानेंच बांधून द्यावी.